बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर मिस्टर बोलतच नाहीयेत, जवळ बसून नेमकं काय करू?

सुदामानगर_इंदूर

नमस्कार. इथे बरेच महिने नुसती वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ. थोडं लांबेल, पण घरात कोणाजवळ बोलू तेच कळत नाहीये कारण सगळे माझ्याकडे बघून धीर धरून आहेत.

माझ्या मिस्टरांना गेल्या वर्षी एएमएल निघाला म्हणजे ब्लड कॅन्सरच, वय 41. केमोच्या सायकली झाल्या, आजार दबला, पण रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले की नुसत्या केमोवर सोडलं तर उलटायची भीती जास्त आहे, ट्रान्सप्लांट करून घ्या. नणंदेचं एचएलए, म्हणजे दाता जुळतो का बघतात ती पेशींवरची खूण, पूर्ण जुळलं, तेव्हा केवढा आनंद झाला घरात, कारण सख्ख्या भावंडातही एकेकाचं जुळायचा चान्स चारात एकच असतो असं सांगितलं होतं. इथेच इंदूरला ऍडमिट आहेत. आधी आठवडाभर जबरदस्त केमो दिली, मग नणंदेचे सेल्स म्हणजे तिच्या रक्त बनवणाऱ्या पेशी दिल्या. त्या दिवशी सासूबाई घरी देवाजवळ बसून होत्या, त्यांना वाटत होतं मोठं ऑपरेशन चाललंय, आणि इथे रक्त चढवतात तशी एक पिशवी लावली न् ती संपली पण. आम्ही दोघं हसलो सुद्धा त्या दिवशी.

त्यानंतर मात्र सगळं घसरत गेलं. टीएलसी म्हणजे पांढऱ्या पेशींचा आकडा तळाला, तोंडभर फोड, थुंकी पण गिळता येत नाही, ताप येतो जातो, केस गेले. हे होणार ते आधी सांगितलं होतं, पण हे बोलायचेच बंद होतील असं कोणी सांगितलं नव्हतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. कसं वाटतंय विचारलं की डोळे मिटून घेतात. परवा मी म्हटलं दोन चमचे खीर घेता का, तर म्हणाले तू घरी जा. एवढंच. आमचं लग्न झाल्यापासून ह्या माणसाने मला असं कधी तोडून बोललेलं नाही हो. मी बाहेर येऊन मास्कच्या आत रडले आणि परत हात धुऊन आत गेले.

घरी मुलगी आहे, दुसरीत. तिला आत सोडत नाहीत. सासूबाईंना एकदा तरी डोळ्यांनी बघायचंय, खजरान्याच्या गणपतीचा प्रसाद आणि अंगारा घेऊन पाठवायला सांगतात, नाही म्हटलं की त्यांचं तोंड उतरतं. नणंद देवासहून रोज फोन करते, माझे सेल्स लागले का गं, म्हणजे रुजून नवं रक्त बनवायला लागले का, आणि नाही अजून म्हटलं की तिकडे गप्प होते. नातेवाईक आपले फळांच्या पिशव्या घेऊन खाली लॉबीत उभे.

औषधं डॉक्टर बघतात, त्याबद्दल विचारत नाहीये. मी त्या खोलीत बारा-बारा तास बसते ती बसून काय करू? बोलू का गप्प राहू? जेवणाचा आग्रह करू का सोडून देऊ? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी प्लीज सांगा.

रामबागवाला

वहिनी, तुमच्या मिस्टरांच्या जागी मी स्वतः होतो म्हणून लिहितोय. मला अप्लास्टिक ऍनिमिया होता, म्हणजे मॅरो पुरेसं रक्तच बनवत नव्हता, धाकट्या भावाचा मॅरो घेतला, आता काही वर्षं झाली, रोज स्कूटरवर कामाला जातो, ठणठणीत आहे. हे आधी सांगतो कारण तुम्हाला आत्ता तेच ऐकायचं असेल.

त्यांचा तुमच्यावर राग नाहीये. तोंडाची ती अवस्था असते ना तेव्हा एक शब्द बोलायचा तरी आधी मनात हिशोब करावा लागतो, जीभ दातांना लागली तरी जीव जातो. त्यात दर चार तासांनी कोणीतरी बीपी टेंपरेचर घ्यायला उठवतं, रात्रभर पंप वाजत असतो, झोप म्हणून लागत नाही. अशा वेळी कसं वाटतंय हा प्रश्न आला की मला वाटायचं आता ह्याचं उत्तर बनवा, आणि खरं सांगितलं तर समोरचं माणूस रडेल आणि खोटं सांगायची ताकद नाही. म्हणून डोळे मिटायचे. बस एवढंच असतं ते. आणि तू घरी जा म्हणजे मला ह्या हालतीत बघू नकोस, असं असतं बहुतेक वेळा. माझ्या बायकोला पण मी म्हटलं होतं. ती म्हणाली बरं, खुर्ची दाराजवळ सरकवली आणि तिथे बसून राहिली. मला तेव्हा इतकं बरं वाटलं की ती गेली नाही, पण ते सांगता नाही आलं.

तिने जे केलं ते सांगतो. प्रश्न विचारायचे बंद केले आणि सांगायला लागली. म्हणजे बातम्या नाही आणि माझ्या आजाराचं तर अजिबात नाही. घरचं बारीकसारीक. आज समोरच्यांनी परत गेटसमोर गाडी लावली, गॅसचा नंबर लावला, अमक्याच्या मुलाचं लग्न ठरलं, मुलगी महूची आहे. मी ऐकतोय का नाही बघायची पण नाही, बोलून झालं की आपलं विणकाम घेऊन बसायची. मला त्या पंधरा मिनिटांची वाट बघायची सवय लागली होती, कारण त्या खोलीत सगळं फक्त आजाराचं असतं, तेवढाच वेळ आपण घरचे असतो.

विचारायचंच असेल तर ज्याचं उत्तर मान हलवून देता येईल असं विचारा. दिवा बंद करू? पाय दाबू? आणि काही ठरवायचं असेल तर ते त्यांना ठरवू द्या, आंघोळ आत्ता का दुपारी, कुठला शर्ट, पडदा उघडा का बंद. तिथे माणसाच्या हातात काहीच नसतं हो. सुई कोणाच्या मर्जीने, गोळी कोणाच्या मर्जीने, लघवी सुद्धा मोजून. पडद्याचं तरी आपल्या मर्जीने होऊ दे. एक पाटी किंवा वही-पेन उशाशी ठेवा, बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं.

आणि पॉझिटिव्ह राहा, हिंमत ठेवा, हे त्यांना कोणालाही म्हणू देऊ नका. मला ते ऐकलं की वाटायचं म्हणजे उद्या बरा नाही झालो तर माझीच हिंमत कमी पडली असं म्हणणार का हे लोक.

एक चांगली गोष्ट सांगतो, डॉक्टरांना विचारून घ्या हवं तर. ते फोड काउंट वर यायला लागले की भरतात. पांढऱ्या पेशीच नाहीत म्हणून ते भरत नाहीत. माझं तोंड काउंट उठल्यावर इतक्या भराभर सुधारलं की आदल्या आठवड्यात पाणी गिळता येत नव्हतं आणि मी वरण-भात मागितला.

वॉर्डातली_सिस्टर

ताई, मी ट्रान्सप्लांट वॉर्डात बरीच वर्षं ड्युटी केलीये. दादांनी वर लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे, आम्ही रोज बघतो. मी कामाचं सांगते, कारण जवळ बसलेल्या माणसाकडून आम्हाला किती मदत होते हे नातेवाईकांना माहितीच नसतं, त्यांना वाटतं आपण नुसते बसलोय.

सगळ्यात आधी हात. खोलीत जाताना, पेशंटला हात लावायच्या आधी, बाथरूमचं दार धरल्यावर, फोन हातात घेतल्यावर. फोन सगळ्यात घाण असतो, तो बाहेर ठेवा किंवा रोज पुसत जा. त्यांची एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, 500 च्या खाली आहे तोवर साधी सर्दी पण महागात पडते, त्यामुळे घसा जरा खवखवला तरी तुम्ही त्या दिवशी आत जायचं नाही, दुसऱ्याला पाठवायचं. आणि तो दुसरा आत्ताच ठरवून ठेवा, वेळ आल्यावर शोधू नका.

दुसरं, लक्ष ठेवा आणि लगेच सांगा. थंडी वाजून हुडहुडी भरली, विशेषतः नसेत घातलेल्या लाईनमधून काही दिल्यानंतर, तर डॉक्टरांच्या राउंडची वाट बघायची नाही, बेल दाबायची. 100.4 च्या वर ताप गेला तर लगेच. अंगावर, तळहाताला, तळपायाला पुरळ. जुलाब किती वेळा आणि साधारण किती. डोळे पिवळे, पोट फुगलंय, वजन एकदम वाढलंय. अचानक असंबद्ध बोलायला लागले तर ते पण. बरेच पेशंट आम्हाला काही नाही ठीक आहे म्हणतात आणि बायकोला सांगतात पोटात दुखतंय, तर ते आमच्यापर्यंत पोचवा. दात आवळून सहन करायचं नाही, तोंडाच्या दुखण्यासाठी मॉर्फिन देतात, त्याला घाबरायचं कारण नाही, आणि दुखणं कमी झालं की माणूस आपोआप थोडा बोलायला लागतो.

रात्री बाथरूमला एकट्यांना जाऊ द्यायचं नाही. हे मी दहादा सांगेन. प्लेटलेट दहा हजाराच्या आसपास असतात, अंगात ताकद नसते, आणि पुरुषांना तर उठवायचा संकोच वाटतो, मग ते गुपचूप उठतात. डोक्याला मार लागला तर आत रक्तस्राव होतो. यूरिन पॉट हाताशी ठेवा आणि सरळ सांगा की मला उठवा, मी जागीच असते. दाढी ब्लेडने नाही. ब्रश एकदम मऊ नाहीतर नुसती चूळ. मीठ-सोड्याच्या किंवा वॉर्डात जे दिलंय त्याच्या गुळण्या दिवसातून ठरलेल्या वेळी करवून घ्या, ह्या एका बाबतीत मात्र थोडा आग्रह करा, कारण तोंड साफ राहिलं तर इन्फेक्शन कमी.

जेवणाचा आग्रह करू नका. खरंच करू नका. जेवण अगदीच गेलं नाही तर नळीने किंवा सलाईनमधून पोषण देतात, त्याची सोय असते, त्या दोन चमचे खिरीवर त्यांचा जीव अवलंबून नाहीये. डबा आणलात तर झाकण खोलीच्या बाहेर उघडा, पहिली वाफ निघून जाऊ द्या, त्या वासानेच उलटी होते त्यांना. कोमट किंवा गार, गरम नाही. मऊ भात-मूगडाळ, पातळ रव्याची खीर, साबुदाण्याची लापशी. स्टीलचा चमचा तोंडात कडवट-लोखंडासारखा लागतो, प्लॅस्टिकचा वापरून बघा. ताजं शिजवलेलं, कुकरमधलं, एक-दोन तासाच्या आतलं. वरून कच्चं काही घालायचं नाही, कोथिंबीर नाही, लिंबू नाही. आपल्या इंदूरच्या लोकांना पोह्यावर शेव, कच्चा कांदा आणि जीरावण मसाला नसला तर पोहेच वाटत नाहीत, तर ते सगळं आता बरेच महिने बंद, आणि घरी गेल्यावर हीच गोष्ट पाळणं सगळ्यात अवघड जातं. दही-ताक पण डायटिशियनला विचारल्याशिवाय नाही.

प्रसाद आणि अंगारा आत नाही. फुलं पण नाही, फुलदाणीचं पाणी तर मुळीच नाही. सासूबाईंना सांगा की प्रसाद घरच्या देवापाशी ठेवा, बरे होऊन आले की ते स्वतः जातील खजरान्याला.

स्नेहलतागंज_काकू

बाळ, वाचून वाईट वाटलं. आमच्या शेजारी एकांना प्लेटलेट कमी झाल्या होत्या, त्यांना पपईच्या पानांचा रस आणि गुळवेल दिली होती आणि गव्हांकुराचा रस पण, त्याने खूप फरक पडला. तू पण देऊन बघ, नैसर्गिक आहे, अपाय काही नाही. श्री स्वामी समर्थ.

वॉर्डातली_सिस्टर

काकू, तुमची माया कळते, पण ताई, कृपा करून हे काहीही देऊ नका. एक तर कच्च्या पानांचा रस म्हणजे न शिजवलेली गोष्ट, त्यातले जंतू आणि बुरशी तुम्हाला मला पचते, ज्याच्या पांढऱ्या पेशी शून्याला टेकल्यात त्याला नाही. दुसरं म्हणजे गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवल्यात, आणि ह्या पेशंटचं लिव्हर आधीच केमोने थकलेलं असतं. तिसरं, गुळवेल प्रतिकारशक्ती चाळवते असं म्हणूनच लोक घेतात ना, आणि बहिणीच्या पेशी घेतल्यावर तर डॉक्टर मुद्दाम सायक्लोस्पोरिन देऊन ती दाबून ठेवतात, म्हणजे नव्या पेशी भावाच्या शरीरावर उलटू नयेत. त्याला जीव्हीएचडी म्हणतात. आपण एकीकडून दाबायचं आणि दुसरीकडून चाळवायचं असं होईल. घरचं काहीही, अगदी काढा सुद्धा, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. प्लेटलेट लागल्या तर चढवतात, त्याला रसाची गरज नाही.

दांडियाबझार_बडोदे

मी बडोद्याची, माझ्या आईचं अहमदाबादला झालं होतं, तिचं ऑटो होतं म्हणजे स्वतःच्याच पेशी परत दिल्या, मायलोमा नावाच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी. त्यात जीव्हीएचडीची भानगड नसते, पण तोंडाचं, तापाचं, न बोलण्याचं सगळं तसंच. वरच्यांनी पेशंटचं लिहिलंय, मी तुमच्याबद्दल लिहिते कारण तुमच्या पोस्टमध्ये तुम्ही कुठेच जेवलात झोपलात असं नाहीये.

बारा-बारा तास रोज एकच माणूस बसू शकत नाही हो. डिस्चार्ज झाला म्हणजे संपलं असं नसतं, उलट ऍलोमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या पेशी घेतल्यावर, पहिले 100 दिवस फार जपायचे असतात, ओपीडीच्या फेऱ्या, रक्त तपासण्या, मधेच ताप आला की परत ऍडमिट, आणि तेव्हा सिस्टर नसतात, तुम्हीच असता. तेवढं अंगात ठेवायला हवं. दीर, भाऊ, मित्र, कोणीतरी एक धडधाकट माणूस एक दिवसाआड रात्रीला ठेवा. आमच्याकडे माझा चुलतभाऊ यायचा, आईला आधी अवघडल्यासारखं व्हायचं, मग तीच विचारायला लागली आज तो येणार का.

फोनचं काम एका माणसाकडे द्या. खरंच सांगते, रोज संध्याकाळी तेच तेच वीस जणांना सांगायचं, काउंट किती, ताप किती, ह्यातच माझा जीव जायचा. मग मामाने व्हॉट्सऍपवर ग्रुप केला, रोज रात्री तोच चार ओळी टाकायचा आणि सगळ्यांना ताकीद की कोणी मला फोन करायचा नाही. आणि जे खाली लॉबीत फळं घेऊन उभे आहेत ना, त्यांना काम द्या. त्यांना पण काहीतरी करायचंच असतं, काय करावं कळत नाही म्हणून फळं आणतात. एसडीपी म्हणजे मशीनवर बसून नुसत्या प्लेटलेट देतात, त्याला दाते लागतात, आणि प्लेटलेट पाचच दिवस टिकतात म्हणून साठवून ठेवता येत नाहीत. तर रक्तगट, फोन नंबर, कोण कुठल्या दिवशी रिकामा आहे अशी यादी करून ठेवायला सांगा. आधीचे तीन दिवस ऍस्पिरिन घेतलेलं चालत नाही, हे पण त्यांना सांगून ठेवा. घरच्यांचं रक्त चालेल का ते मात्र ब्लड बँकेला विचारूनच.

घर पण आत्तापासून बघा. रंग, प्लास्टर, फर्निचरचं काही काम काढायचं असेल तर ते आता नाही, धुळीतून बुरशी फुफ्फुसात जाते. भिंतीला ओल असेल तर त्या खोलीत त्यांना ठेवू नका. कुंड्या बाल्कनीत हलवा आणि माती उकरायचं काम त्यांनी करायचं नाही. कबुतरं येत असतील तर जाळी. आणि तुमच्याकडे रंगपंचमीला राजवाड्यावर गेर म्हणजे रंगाची मिरवणूक असते ना, लाखो लोक आणि नुसता गुलाल, तर यंदा टीव्हीवर.

अजून एक, घरी आल्यावर सायक्लोस्पोरिनची लेव्हल बघायला रक्त देतात त्या सकाळची गोळी आधी घ्यायची नाही, रक्त दिल्यावर घ्यायची. आमच्या ओळखीत एकांचं हे राहून जायचं आणि रिपोर्ट उगाच जास्त यायचा. पपनस आणि ग्रेपफ्रूट पण बंद, त्याने औषध रक्तात वाढतं.

सुदामानगर_इंदूर

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी काल रात्री बाहेरच्या बाकावर बसून सगळं दोनदा वाचलं. काकू तुमचे पण, पण रस नाही देणार, सिस्टरांनी लिहिलंय ते पटलं.

आज सकाळी मी काही विचारलंच नाही. मुलीच्या वह्यांना कव्हरं घालायला नेली होती, ब्राउन पेपर आधी पुसून घेतला, सिस्टरांना विचारून, आणि ते करत करत आपली बडबड करत बसले. नर्मदेचं पाणी काल उशिरा आलं, टाकी अर्धीच भरली, वरच्या मजल्यावरच्या भाभींनी परत मोटर लावली, सासूबाईंनी त्यांना जाऊन सांगितलं. बराच वेळ काही नाही. मग ह्यांनी हात पुढे करून वही मागितली आणि लिहिलं, फ्लोट वाल्व बघायला सांग, अडकत असेल. मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. वर तोंड न करता मी म्हटलं बरं, भाऊजींना सांगते.

दुखण्याचं पण सांगितलं डॉक्टरांना, पंपातून देतात त्या दुखण्याच्या औषधाचा डोस वाढवलाय, दुपारी सलग झोपले.

आता दोन गोष्टी राहिल्या. मुलगी. ती विचारते बाबा कधी येणार आणि काल म्हणाली मी बाबांना माझ्या सर्दीत पापी दिली होती म्हणून ते आजारी पडले का. मी नाही म्हटलं, पण तिला पटलं असं वाटत नाही. व्हिडिओ कॉल करू का, केस गेलेत, ओठ सुजलेत, ती घाबरेल का? आणि नणंद. तिला काय सांगू? तिला पाच दिवस ती इंजेक्शनं घेताना कंबर-पाठ इतकी दुखत होती, एक शब्द बोलली नाही, आणि आता काउंट येत नाहीत तर ती स्वतःला बोल लावते.

वॉर्डातली_सिस्टर

ताई, मुलीला स्पष्ट आणि थोडक्यात सांगा. बाबांच्या रक्तात बिघाड होता, तो तुझ्यामुळे झाला नाही, कोणाच्याही सर्दीमुळे पापीमुळे होत नाही, आत्याने बाबांना नवं रक्त बनवायचं बी दिलंय, ते रुजायला वेळ लागतो. लहान मुलांना एकदा सांगून पुरत नाही, ती आठवड्याने परत तेच विचारेल, तेव्हा परत तेच तसंच सांगायचं. झोपतेस ना, मी येते ना, शाळेत कोण सोडणार, हे तिला रोज आधीच सांगा, तिची खरी काळजी तीच असते.

व्हिडिओ कॉलचं त्यांना विचारा, तुम्ही ठरवू नका. काही वडील नाही म्हणतात, त्यांना जबरदस्ती नको. तोवर तिचा आवाज रेकॉर्ड करून ऐकवा, कविता, पाढे, काहीही. हो म्हणाले तर आधी तिला एक फोटो दाखवा आणि सांगा की केस औषधाने गेलेत, परत येणार, तोंड दुखतं म्हणून बोलणार नाहीत, फक्त हात हलवतील. मुलं फार पटकन सावरतात. तिच्या वर्गात कोणाला कांजिण्या निघाल्या तर मात्र मला नाही, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, आणि तिची कुठलीही लस द्यायची असेल तर आधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारा.

सासूबाईंना एक काम सुचवते. ह्यांचे कपडे, टॉवेल, उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून, गरम इस्त्री करून स्वच्छ पिशवीत बांधून पाठवायचे, रोज एक जोडी. हे आमच्याकडे खरंच लागतं, आणि आईच्या हातचं काहीतरी रोज आत पोचतं.

रामबागवाला

वहिनी, नणंदबाईंचं मी सांगतो कारण माझ्या भावाचं अगदी हेच झालं होतं. माझे काउंट उशिरा आले आणि तो दारू सोडून पाच वर्षं झाली होती तरी म्हणायचा त्यामुळे माझा मॅरो खराब असेल. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून समजावलं तेव्हा थांबला. दिलेल्या पेशी आधी रक्तातून फिरून हाडांत जाऊन बसतात, मग नवं बनवायला लागतात, त्याला दोन आठवडे, तीन आठवडे, कधी चार पण लागतात. एएनसी सलग तीन दिवस 500 च्या वर राहिली की मग म्हणतात सेल्स लागले. मधल्या काळात काउंट शून्य असणं म्हणजे काही बिघडलंय असं नाही, ते मुद्दाम शून्यावर आणलेलं असतं आधीच्या केमोने. आणि पुढे जाऊन काहीही झालं, जीव्हीएचडी झालं, इन्फेक्शन झालं, तरी त्यात देणाऱ्याचा काही दोष नसतो, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा, मागून सांगितलं तर समजूत घातल्यासारखं वाटतं.

त्यांना डॉक्टरांशी एकदा फोनवर बोलवून द्या, तुम्ही सांगाल त्यापेक्षा त्यांचं पटेल. आणि त्यांची पण तब्येत विचारत जा, रोजच्या फोनमध्ये पहिला प्रश्न तोच ठेवा, कारण देऊन झालं की देणाऱ्याला कोणी विचारत नाही, सगळे पेशंटभोवती. माझ्या भावाला आमच्या आईने सुद्धा आठवडाभर विचारलं नव्हतं, त्याला ते लागलं होतं, नंतर बोलला. गंमतीचं पण सांगा एक, त्यांचा रक्तगट वेगळा असेल तर काही महिन्यांनी ह्यांचा रक्तगट बदलून बहिणीचा होईल. माझा ओ होता, आता भावाचा बी आहे, कार्ड नवीन करावं लागलं.

आणि काउंटचा रिपोर्ट येईपर्यंत रोज सकाळी जी धाकधूक होते ना, ती तुम्ही एकट्या घेऊ नका. रक्त पहाटे घेतात, रिपोर्ट यायला वेळ लागतो, तोवर दिरांना बसवा आणि तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून, मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवून या. ती पण सकाळी तुम्हाला बघेल.